सेवादासचा सरकता पाट

पुसदच्या एका आरागिरणीत सेवादास आणि त्याचा धाकटा भाऊ शंकरसिंग विजेच्या गोल आरीवर काम करत. त्यांच्या बंजारा तांड्यातले बाकी सगळे शेतीवर. या दोघांनाच लाकडाचा नाद. खाटेच्या पायांसाठी शंकरसिंग सागाचे तुकडे हातानं पात्याकडे रेटायचा, सेवादास पलीकडून ओढून घ्यायचा. १९६१ च्या हिवाळ्यात एक तुकडा गाठीपाशी अडकून उसळला आणि शंकरसिंगचा उजवा हात पात्यावर गेला. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली बोटं गेली.

सेवादासनं मोटार बंद केली, पटका फाडून हात बांधला, भावाला दवाखान्यात पोचवलं. मग परत येऊन टेबल धुतलं आणि खाटांचे उरलेले पाय कापले. घरी त्यांची आई सुखीबाई रडत होती. तो भाकर खात होता. तिचा आवाज त्याच्या कानावर पडत होता, एवढंच.

दवाखान्यात तो पुन्हा गेलाच नाही. रोज फाटकापर्यंत जायचा आणि गिरणीकडे वळायचा.

तिथं सुटी झाली की तो एक पाट घडवत बसे. पाटाला खालून दोन पट्ट्या ठोकल्या, त्या टेबलाच्या कडा धरून सरकत. वर आडवी फळी. तिला तुकडा टेकवायचा, पाचर मारून आवळायचा आणि मागची मूठ धरून पाट ढकलायचा. हात पात्याजवळ जातच नसे. पहिला पाट अडकला. दुसरा तिरका कापू लागला. त्यानं तोही मोडला, पट्ट्या रंध्यानं तासून मेण चोळलं, तेव्हा कुठे तिसरा नीट चालला. गिरणीतले लोक वाखाणत होते. सेवादास भुसा झाडत राहिला.

जखम भरल्यावर शंकरसिंग गिरणीत आला. त्यानं डाव्या हातानं तुकडा बसवला, पाचर ठोकली, पाट ढकलला. तुकडा सरळ कापला गेला. तो बराच वेळ त्या कापाकडे पाहत राहिला. घरात दोघं तांड्याची गोरबोलीच बोलत. आज तो मराठीत बोलला, परक्याशी बोलावं तसा.

"हे पहिले काहून नाही केलं?"

"सुचलं नाही," सेवादास म्हणाला.

शंकरसिंगनं दुसरा तुकडा उचलला.

त्यानंतर त्याच टेबलावर दोघांनी कितीतरी वर्षं काम केलं. शंकरसिंगचं लग्न झालं, रुपीबाई घरात आली. दोघं भाऊ कामापुरतं बोलत. रुपीबाईला मुलगी झाली तेव्हा शंकरसिंगनं तिला आणून सेवादासच्या मांडीवर ठेवलं. सेवादासनं तिच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून मोजली, मग पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. सुखीबाईनं मुलीला उचलून घेतलं. तो बाहेर जाऊन बाभळीखाली बसला. थोड्या वेळानं शंकरसिंगही येऊन शेजारी बसला.

सकाळी दोघं एकाच सायकलीवर गिरणीत गेले.