ऑइल बदलायचं कधी, हे गोठा ठरवतो

मंडळी, आज डोकं फिरलंय म्हणून लिहून राहिले.

माझी कार डोंगरकडा ते हिंगोली एवढीच पळते. इंजिन ऑइल बदलून चारच महिने झाले. पुस्तकात वर्षभर चालतं असं लिहिलंय. पण आमचे मामा, म्हणजे सासरे, रोज ऑइलची पट्टी काढून बघायचे. "काळं पडलं पोरी. इंजिन बसलं म्हणजे?"

डिझेल गाडीचं ऑइल काळं पडतंच, हे सांगून थकले. शेवटी आज गॅरेजात गेलो. मामांनी सोबत रिकामा डबा घेतला.

मिस्त्री म्हणाला, "अजून चाललं असतं ताई. काहून बदलून राहिल्या?"

मामा जुन्या ऑइलच्या धारेखाली डबा धरून म्हणाले, "गोठ्याच्या खांबायला वाळवी लागली. जळकं ऑइल लावलं की बराबर जाते."

कोपऱ्यात जळक्या ऑइलचा ड्रम भरलेला होता. म्हटलं, "मामा, मग यातलं मागायचं ना."

"लोकायच्या गाडीचा काय भरोसा? आपलं घरचं बरं."

संध्याकाळपर्यंत तीन खांब रंगले. चौथ्याला ऑइल पुरलं न्हाई. मघाशी बघितलं तर मामा पुन्हा बॉनेट उघडून उभे.

तुमच्याकडं पट्टी कोण बघतं?