थोपटमावशी

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका दुपारी. पाळणाघरातली सगळी पोरं एकदम रडायला लागली होती. नव्याने कामाला लागलेली ती बाई सतरंजीवर बसून एकाला मांडीवर आणि एकाला कुशीत घेऊन थोपटत होती. तिसऱ्याचा पाळणा पायाच्या अंगठ्याने हलत होता. नव्या बायका पोरांना गप्प करायला बडबडत सुटतात. ही एक अक्षर बोलत नव्हती, आणि थोड्या वेळाने खोली निजली. पुढे मोठ्या मुलांनी तिचं नाव थोपटमावशी ठेवलं. तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

नवरा गेल्यावर ती भावाकडे राहत होती. मूलबाळ नव्हतं. भाऊ, वहिनी, लग्नाला आलेली भाची आणि ती, सगळ्यांची अंथरुणं एकाच खोलीत, एकमेकांना लागून. "तिकडे मी जादाचं भांडं," ती हसत म्हणायची, "इथे मात्र मी लागते."

एका हिवाळ्यात ती बोटांच्या बेचक्यांत सारखी खाजवताना बाईंना दिसली.

"साबणाने होतंय," ती म्हणाली. औषधाच्या दुकानातलं मलम लावलं की बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. मनगटावर, कमरेवर बारीक पुरळ उठलं, रात्री डोळ्याला डोळा लागेना. शेवटी बाईच तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

"खरूज आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशीचा चेहरा उतरला. "मी रोज अंघोळ करते हो."

"अंघोळ करणाऱ्यांनाही होते. बारीक किडा असतो, कातडीत बीळ करून राहतो. अंगाला अंग लागलं की पसरतो. ते दुकानातलं मलम आधी बंद करा, त्याने नुसती खाज दबते. हे रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा एकदा. कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुवायची. आणि हे घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री करायचं. खाज असो वा नसो. एक जण राहिला तर सगळं वाया."

मावशीला घरी हे सांगायचा धीर होईना, म्हणून बाई गेल्या. वहिनीने त्यांना पाणी दिलं आणि ऐकून घेतलं.

"माझं घर बघा, बाई. कुठे धूळ दिसते का?"

"धुळीने होत नाही ते."

"पोरीचं लग्न ठरलंय. त्या लोकांच्या कानावर गेलं म्हणजे?"

"म्हणून तर लावा. कुणाला कळायच्या आत संपेल."

"मानेपासून तळपायापर्यंत म्हणजे रंगकामच काढायचं आता," भाऊ म्हणाला. वहिनी हसली नाही, पण बाईंनी आणलेल्या मलमाच्या ट्यूबा तिने ठेवून घेतल्या.

डॉक्टरांनी सांगितलेली रजा संपवून मावशी कामावर आली. "सगळ्यांनी लावलं, बाई. वहिनीने रिकाम्या ट्यूबा दाखवल्या." ती अजून खाजवत होती, पण किडे मेल्यावरही खाज काही आठवडे टिकते असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मावशी पोरांना कुशीत घेऊन निजवत राहिली.

मग एका धाकट्याच्या आईने त्याची बोटं फाकवून बाईंना दाखवली. पाठोपाठ आणखी पोरं निघाली.

मावशी घरी जाऊन विचारून आली. "वहिनीने आणि भाचीने लावलंच नव्हतं. मोरीत पिळलं सगळं."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? राहते त्यांच्याकडे."

पण ती फार दिवस राहिली नाही. पिठाच्या गिरणीमागे तिने एक खोली घेतली, पुन्हा औषध लावलं आणि पूर्ण बरी झाली. तसं डॉक्टरांनी लिहूनही दिलं. पाळणाघरातल्या पोरांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही एकाच रात्री मलम लावलं, तीही बरी झाली. मावशी परत येणार म्हणून बाईंनी पोरांच्या आयांना बोलावून सगळं समजावलं.

"मावशींबद्दल आमचं काही नाही," एक जण म्हणाली, "फक्त पोरांना हात लावायला नको." बाईंनी पुष्कळ सांगून पाहिलं. त्यावर दोघींनी पोरांचे डबे उचलले आणि दुसरीकडे जागा आहे का, असं आपसात विचारायला लागल्या. मग बाईंनी हट्ट सोडला.

त्यांनी मावशीला स्वयंपाकघरात काम दिलं. दुपारी बाहेर पोरं रडायची. नवी बाई बडबड करून त्यांना गप्प करू बघायची. मावशी ओला हात पदराला पुसून दारापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. एके दिवशी तिने भांडी घासून पालथी घातली.

"बाई, मला इथे नाही जमायचं," ती म्हणाली.

बाईंनी तिला थांबवलं नाही. थांबवून काय देणार होत्या?

भाचीचं लग्न झालं. मावशीला बोलावणं होतं. ती गेली, मागच्या रांगेत बसली, जेवून परतली.

सध्या ती एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते, आणि गिरणीमागच्या त्या खोलीत एकटी राहते.