गुडघाभर समुद्र

आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, आणि आमच्या आळीत पोहता न येणारा एकटा पुरुषही मीच. दोन्हीला कारण आण्णा, म्हणजे आमचे वडील. महाळुंग्याच्या आमच्या विहिरीत पोरं मुटके मारायची तेव्हा आण्णा मला बजावायचे, "शाळा शिकायची ना? मग विहिरीकडं फिरकायचं न्हाई." नाही फिरकलो. पुढं मी होस्टेलला गेल्यावर त्यांनाच हळहळ वाटायला लागली, की पोरगं शिकलं पण पवायचं राह्यलं. मी सांगून टाकलं, कॉलेजात पोहायचा हौद आहे, तिथं शिकलो. आमच्या कॉलेजात प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं यायचं.

दोन हजार सालाच्या पुढंमागं आम्ही जीप करून कोकणात गेलो. आण्णा, मी आणि दहावीला जो अडकला तो कायमचा अडकलेला चुलतभाऊ. विहिरीच्या तळातला खडा हा दातात धरून वर आणायचा. किनाऱ्यावर तो बनाना बोटीवर बसला, दोनदा समुद्रात पडला आणि दोन्ही वेळा हसत वर आला.

"आता तू पवून दाखव," आण्णा मला म्हणाले. "त्यासाठीच आलोय." आणि पिशवीतून विहिरीवरचा दोर काढला.

तिथं सूचनांचा बोर्ड होता. ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरू नये. कंबरेच्या वर पाण्यात जाऊ नये. पहिली ओळ बिनकामाची वाटली म्हणून मी सोडली आणि दुसरी मोठ्यानं वाचली, "गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये."

"कमरेच्या लिवलंय की राव," चुलतभाऊ म्हणाला.

आण्णांना अक्षरओळख नव्हती. ते त्याच्यावरच खेकसले, "तू गप. बी.ए. कोण झालंय?"

मग काय, अंगात बोटवाल्याचं लाइफ जॅकेट, कमरेला दोर, अशा थाटात मी गुडघाभर पाण्यात पालथा पडलो. हाताचे पंजे तळाला टेकवून पुढं सरकायचं आणि पायांनी फेस उडवायचा. काठावर आण्णा दोर सैल सोडत शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होते, "आमचा मुलगा. कॉलेजात शिकलाय हे."

मी डोळे मिटून पाय मारत राहिलो. थोड्या वेळानं पोटाला वाळू लागली. पुढची लाट झाकून घेईल म्हणून आणखी जोरात मारले. लाट काही आली नाही. डोळे उघडले तर समुद्र दहा पावलं मागं गेलेला आणि मी ओल्या वाळूवर आडवा.

"आरं, मोटर कुणी चालू केली?" चुलतभाऊ ओरडला. "पाणी उपसलं की समदं! पवतोय का नांगरतोय भाऊ?"

सगळा किनारा हसला. मला मान वर करवेना. आण्णा दोर गुंडाळत गुंडाळत माझ्यापर्यंत आले.

"हसायला काय झालं?" ते चुलतभावाला म्हणाले. "गुडघ्याच्या वर जायचं न्हाई असं लिवलंय. पोरगं नेमानं पवलं."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये ते ओला दोर मांडीवर घेऊन पिळत बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी त्यांनी माळ्यावरचा वाळका भोपळा काढला. लहान पोरांना पोहायला शिकवताना पाठीला बांधतात तो. विहिरीच्या काठावर सात-आठ वर्षांची पोरं ओळीनं उभी होती, त्यांच्या शेवटी मिशीवाला मी. आण्णांनी भोपळा बांधला, दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"पाणी किती आहे?" मी विचारलं.

"हितं बोर्ड न्हाई," आण्णा म्हणाले. "मार उडी."