हरेशनं उघडलेली वाट

आमच्या हॉस्पिटलात पूर्वी माणसांपेक्षा कागद जास्त हिंडायचे. लॅबमध्ये मी रिपोर्ट काढायचे, वॉर्डातल्या मामांनी तो वर न्यायचा, वाटेत मामा चहाला बसायचे आणि डॉक्टर माझ्या नावानं शंख करायचे. हे थांबवायला मिडलवेअर आलं. म्हणजे लॅब, एक्स-रे, औषधांचं दुकान आणि बाहेरचे दवाखाने यांच्या कॉम्प्युटरांमधला मधला माणूस. एकाचं ऐकायचं, दुसऱ्याला समजेल असं सांगायचं. ते बसवायचं काम हरेश मढवीकडे आलं.

हरेश घणसोली गावातला. त्याचे वडील सोयरिकी जमवायचे. "मधल्या मानसानं या घरचं त्या घरी नेताना आधी ईचारायचं," हे वडिलांचं वाक्य तो मला रोज ऐकवायचा, मी कितीही तोंड वाकडं केलं तरी. त्याच नियमानं त्यानं सगळी मांडणी केली. पेशंटनं मोबाइलवर होकार दिल्याशिवाय एकही रिपोर्ट हॉस्पिटलाबाहेर जाणार नव्हता.

त्याचा साहेब अभिराम. गोडबोल्या, येताजाता खांद्यावर हात ठेवणारा. गावदेवीच्या जत्रेला हरेशच्या घरी मांडी घालून जेवायचा, त्याच्या आईला 'आई' म्हणायचा. मला तो कधीच आवडला नाही, पण माझं ऐकतंय कोण?

मिडलवेअरची चाचणी करायला खरा पेशंट हवा होता. खोट्या नावामागं जुनी औषधं, जुन्या तपासण्या काहीच नसतं. परक्याची माहिती वापरायला हरेशचं मन धजेना. आपल्या लोकांची ही खोडच, जोखमीच्या जागी घरचं माणूस बसवायचं. त्यानं धाकट्या बहिणीला, जाईला विचारलं. तिला लहानपणापासून फिट यायची. गोळ्या चालू होत्या, त्रास थांबला होता, पण ही गोष्ट घराबाहेर फक्त डॉक्टरांना आणि मला ठाऊक होती, कारण तिचं रक्त मीच काढायचे. "माझं घे ना दादा," ती म्हणाली, "तू हायस ना."

मग अभिराम म्हणाला, "एक वाट परवानगी न विचारता उघडी ठेव. टेस्टिंगपुरती, दर वेळी होकारासाठी थांबायला नको. सगळं सुरू व्हायच्या आत मी स्वतः बंद करतो. माझा शब्द."

हरेशनं उघडली. काम सुरू झालं, सत्कार झाला, आणि ती वाट बंद झाली का हे त्यानं पुन्हा पाहिलंही नाही. ज्याला आपल्या आईनं ताट वाढलं, त्यानं लावलेलं कुलूप कोण ओढून बघतो?

पुढं जाईला रबाळ्यातल्या एका कारखान्यात नोकरी लागली. रुजू होण्याआधीची तपासणी आमच्याकडेच झाली आणि ती ठणठणीत निघाली. घरी पेढे वाटून झाले. पण रुजू व्हायच्या दिवशी तिथल्या बाईंनी तिला समोर बसवून विचारलं, "तुम्हाला फिट येतात ना? मग सांगितलं का नाही?" तिला तशीच परत पाठवलं.

ती तडक माझ्या लॅबमध्ये आली आणि हरेशला बोलावून घेतलं. "दादा, कोनाला सांगितलंस?"

त्यानं आईची शपथ घेतली. मग कॉम्प्युटर उघडून पाहिलं तर ती वाट सताड उघडी, आणि पलीकडच्या टोकाला तोच कारखाना. अभिरामनं त्यांच्याशी करार केला होता. नोकरीला येणाऱ्याची जुनी माहितीही त्यांना जायची, त्याला न विचारता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

हरेश अभिरामच्या केबिनमध्ये घुसला, मी मागोमाग. अभिरामनं आवाजही चढवला नाही. "वाट कुणी उघडली? सिस्टिममध्ये नाव तुझंच आहे, हरेश." वर म्हणाला, "आईंना नमस्कार सांग."

मी त्याला तोंडावर नालायक म्हटलं. त्यापायी पुढं माझी बदली झाली, होऊ दे. हरेशनं जागेवर जाऊन आधी ती वाट बंद केली.

जाई लॅबमध्ये माझ्या स्टुलावर बसून होती. हरेशनं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "त्यानं आपल्याला फसवलं गं."

"आपल्याला?" जाई उठली. "त्याला मी कुठं काय दिलेलं, दादा? मी तुला दिलेलं."