विनी हॉयलचं बटण

विनी हॉयलचा जन्म गेला तो दुसऱ्यांची वाक्यं सांभाळण्यात. आधी एकवीस वर्षं नाटक कंपन्यांच्या विंगेत, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी मँचेस्टरच्या टेलिव्हिजन स्टुडिओत. रविवारी संध्याकाळी नाटक व्हायचं, तेही थेट. तीन आठवडे घासलेलं नाटक तासाभरात हवेत विरायचं आणि सोमवारी दुसरी संहिता हातात पडायची. विनीचे पाय सुजायचे. पण घरी बसून तरी करायचं काय?

तिच्या मांडीवर संहिता आणि मुठीत एक बटण असायचं. नट अडला की बटण दाबायचं. घरोघरच्या टेलिव्हिजन संचांचा आवाज तेवढ्यापुरता बंद व्हायचा, विनी वाक्य पुरवायची आणि बटण सोडायची. लोकांना वाटायचं संच बिघडला. कुणी उठून त्याला दोन थपडाही मारत असेल. वर दिग्दर्शकाच्या खोलीत मात्र लाल दिवा लागायचा, आणि कोण अडलं ते विनीला वहीत लिहावं लागायचं. ज्याने हे बटण शोधून काढलं त्याला एकदा तरी कॅमेऱ्यापुढे उभं करायला हवं होतं.

हर्बर्ट क्लेग त्या वर्षी दोनदा अडला होता. सत्तरीचा नट, विनीचा कंपनीच्या दिवसांपासूनचा स्नेही. दोन्ही वेळा तिने ‘नट अडला नव्हता, चूक माझी’ असं वहीत लिहून त्याला पाठीशी घातलं. पण सत्तावीस वर्षांचा दिग्दर्शक रॉडनी पिम काही दूधखुळा नव्हता. त्याने तोंडावरच सांगितलं, “क्लेगसाहेब, आता एकदा जरी दिवा लागला, तर पुन्हा बोलावणं नाही.”

“बोलावलं नाही तर मरेन गं मी,” हर्बर्ट कॅन्टीनमध्ये विनीला म्हणाला. “खोलीत बसून भिंतींशी किती बोलायचं?”

“मग वाक्यं नीट पाठ कर, म्हाताऱ्या. आणि ते सूप पी आधी, गार झालं.”

त्या रविवारी तो खाणकामगाराचा बाप झाला होता. मुलगा खाणीत दगावल्याचा निरोप येतो, म्हातारा हातातल्या किटलीकडे बघतो आणि म्हणतो, ‘मग चहा कुणासाठी टाकू?’ तालमीत हर्बर्ट हे वाक्य लगेच म्हणायचा.

निरोप आला. हर्बर्टने हातातल्या किटलीकडे पाहिलं आणि तो थांबला. विनी मोजू लागली. एक, दोन, तीन. त्याचे ओठ हलले, शब्द नाही. चार. गेला, म्हातारा गेला! तिने बटण दाबलं. “मग चहा कुणासाठी...”

हर्बर्टने दचकून तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरलेले होते. मग त्याने वाक्य म्हटलं, शाळेतल्या पोराने धडा वाचावा तसं.

नाटक संपल्यावर तो तिच्याजवळ आला. “विसरलो नव्हतो मी, विनी. रडू आलं होतं. खरंखुरं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.”

विनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने वहीत लिहिलं, ‘नट अडला नव्हता, चूक माझी,’ आणि सुजल्या पायांनी ती स्वतः जिना चढून गेली.

पिमने वाचलं. तोही दमला होता. “मिस हॉयल, तुमचं मन मोठं आहे. पण हेच तुम्ही मार्चमध्ये लिहिलंत, जूनमध्येही लिहिलंत.”

“तेव्हा खोटं लिहिलं होतं. आज खरं आहे, शपथ घेऊन सांगते.”

“शपथा कशाला? घरी जा, विश्रांती घ्या.” त्याने वही मिटली.

खाली हर्बर्ट कोट चढवून दाराशी उभा होता.

“काय म्हणाला?”

“नाही रे बसला विश्वास त्याचा.”

हर्बर्टने शांतपणे कोटाची बटणं लावली. “तुझा तरी कुठे बसला होता?” तो म्हणाला.