बोट कुणाला लागली

साखर कारखान्याच्या कॉलनीत कुणी बोटीने गोव्याला जायचं काढलं, की त्याला आमच्या क्वार्टरकडे पाठवत. कोपरगावच्या त्या उसाच्या मुलखात समुद्र पाहिलेली माणसंच मुळात थोडी, त्यात बोटीत बसून आलेली बाई मी एकटीच. बायका दुपारी यायच्या, पाय पसरून बसायच्या आणि काय काय न्यायचं ते विचारायच्या. मलाही कुणीतरी यायला हवंच असायचं, म्हणून मी सविस्तर सांगायचे.

धक्क्यावर लवकर पोचा, कारण डेकवर जागा तिकिटाने मिळत नाही, सतरंजीने मिळते. हमाल आधी धावत जाऊन सतरंज्या पसरतात आणि मग तुमचीच जागा तुम्हाला मोठ्या उपकाराने देतात. खालच्या डेकवर इंजिनाची धग आणि तेलाचा वास, तिथे बसूच नका. वर बसा, पण धुराड्याच्या मागे नको, सगळी काजळी डोक्यात जाते. फिरकीचा तांब्या न्या. तुपातले लाडू नेऊ नका. चुरमुरे, कोरडी भाकरी, आल्याच्या वड्या न्या. उपाशी बसलं की बोट लागत नाही असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याचं ऐकू नका, रिकाम्या पोटाला ती आधी लागते. लिंबू जवळ असू द्या. आणि मळमळलं तर पायाशी बघू नका, लांब बघा, पाणी आणि आभाळ एक होतं तिथे.

आम्ही गेलो ते दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात. हे कारखान्यात पॅनमन होते. पॅनमन म्हणजे साखरेचा पाक शिजवणारा माणूस; दाणा कधी धरला हे ज्याला नजरेने कळतं तो. गाळप चालू असेतो यांच्या पाळ्या फिरत राहायच्या. पाळी संपवून आले की हे झोपायचे आणि मी भांड्यांचा आवाज न करता दिवस काढायचे. चार वर्षं अशी गेली. मूल नव्हतं. कॉलनीतल्या बायकांच्या बोलण्यात लसी, दात, शाळा यांशिवाय काही नसे, आणि मी गेले की त्या बिचाऱ्या विषय बदलायच्या. ते बदलणं मला जास्त लागायचं.

सासूबाई पुणतांब्याला शेतावर असत. त्यांनी नवस केले, अंगारे पाठवले, आणि त्या वर्षी संक्रांतीला माझ्यासमोरच यांना म्हणाल्या की पाहुण्यांत एक मुलगी आहे, गरीब आहे, सवतीवर नांदेल. हे नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत, गूळपोळी खात राहिले. मला यांच्या तोंडून एकच शब्द हवा होता, "नाही" एवढाच. तो आज येईल, उद्या येईल म्हणून मी वाट बघत होते.

मे महिन्यात पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. यांच्याबरोबर कोकणातला एक फिटर होता, त्याने बोटीचं वेड यांच्या डोक्यात घातलं. पावसाळ्यात बोटी बंद होतात आणि पट्टा पडायच्या आधी यांना सुट्टी नाही. मधले थोडे दिवस काय ते आपले. हे मला म्हणाले, चल, जाऊन येऊ. चार वर्षांत पहिल्यांदा मला कुठेतरी चल म्हणाले होते. मी मनात सरळ अर्थ लावला की आईला उत्तर द्यायच्या आधी हा माणूस मला जवळ बसवून काहीतरी बोलणार आहे.

मुंबई मागे पडली आणि यांना बोट लागली. दोन घास खाल्ले होते तेही गेले. उकळत्या पाकाच्या वासात उभा राहणारा माणूस, पण खालच्या डेकवर मिळालेल्या जागेत सतरंजीवर असा पडला की उठवेना. मी लिंबू दिलं, कपाळ धरलं, तोंड पुसलं. संध्याकाळी जरा डोळा लागायला आला तेव्हा म्हणाले, "तू जा वर. मला असं बघत बसू नकोस." बायकोने असं बघणं त्यांना आवडलं नव्हतं, हे मला कळलं. मी गेले.

मला बोट लागली नाही. माझं माहेर तिसगावचं. विहिरीच्या तळाला वाटीने पाणी भरून आम्ही मोठ्या झालो. कठड्याला धरून उभी राहिले तर चहूकडे पाणी आणि त्याला कुणाची नजर लागायची भीती नाही. वारा पदर धरू देत नव्हता. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, कुणी पोटाकडे बघत नव्हतं. मी एकटी होते आणि सुखात होते, आणि या दोन गोष्टी एकत्र असू शकतात हे मला पहिल्यांदाच कळत होतं. मधल्या बंदरांवर बोट काठाला जात नसे, उतारू न्यायला पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, कंदील घेऊन जवळ यायच्या. पडावातली माणसं वर बघून नावाने हाका मारायची आणि डेकवरून कुणीतरी ओ द्यायचं. दरवेळी मी ऐकत राहिले. मग मात्र सुख जरा ओसरलं, कारण त्या हाकांत माझं नाव असण्याचं काही कारणच नव्हतं.

गोव्यात हे बरे झाले, मासळी जेवले, देवळं बघितली. बोलायचं ते बोलले नाहीत. परत येताना पुन्हा तेच, पुन्हा हे आडवे आणि मी कठड्याशी.

मुंबईत पुणतांब्याच्याच एका गाववाल्याकडे आम्ही उतरलो. तो लग्नाला म्हणून त्याच संध्याकाळच्या गाडीने गावी निघाला होता. त्याने विचारलं, प्रवास कसा झाला? हे म्हणाले, "बोट लागली. उलट्या फार झाल्या." कुणाला, ते सांगितलं नाही. आपल्या भाषेत ही एक मोठी सोय आहे, माणूस गाळला तरी वाक्य पडत नाही. मी तिथेच स्टोव्हपाशी चहा करत होते. मला हसू आलं. मी मनात म्हटलं, असू दे.

गाववाल्याने तो निरोप जसाच्या तसा पुणतांब्याला पोचवला. सासूबाईंनी जन्मात बोट पाहिली नव्हती. बोट लागली म्हणजे बोट काठाला लागली, पोरं सुखरूप उतरली, असं त्यांनी धरलं. राहिल्या उलट्या. त्यांचा अर्थ लावायला त्यांना कुणाची गरज नव्हती.

आम्ही मनमाडवरून गाडी बदलून कोपरगावला उतरलो आणि क्वार्टरवर आलो, तर सासूबाई पायरीवर बसलेल्या. जवळ पिशवी, पिशवीत हिरवा खण, नारळ आणि चिंचेचा गोळा. शेजारणी दारात उभ्या. त्या उठल्या, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. म्हणाल्या, "लई वाट बघाया लावलीस गं बाय. बस, उभी ऱ्हाऊ नगंस."

त्या हातांना शेणाचा आणि ओल्या मातीचा वास होता. चार वर्षांत ते हात माझ्या तोंडाला लागले नव्हते. काय झालंय हे मला उमगलं, तरी क्षणभर मी तशीच उभी राहिले. मी यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हे बोलतील. फक्त "आई, मला लागली होती बोट" एवढंच म्हणायचं होतं. शेजारणी हसल्या असत्या, सासूबाई जरा फुगल्या असत्या आणि सगळं तिथेच मिटलं असतं. हे खाली बसून वळकटीचा पट्टा सोडत होते. तो पट्टा काही सुटेना.

मग मीच सांगितलं. सासूबाईंनी हात काढून घेतले. म्हणाल्या, "माझा ल्योक वकत हुता, आन् तू काय करीत हुतीस?"

"वर उभी होते," मी म्हणाले. "समुद्र बघत होते."

त्यांनी खण आणि नारळ पुन्हा पिशवीत घातला. चिंच तेवढी ओट्यावर राहिली, ती मी पुढे आमटीत वापरली. दुपारच्या एसटीने त्या गेल्या. त्या मुलीचं प्रकरण मात्र आपोआप मिटलं. दुष्काळ पडला, आणि पाहुण्यांनी तिला मिळेल त्या स्थळी देऊन टाकली. यांचं "नाही" कुणाला लागलंच नाही.

पण कारखान्यात गोष्ट पोचली होती. गड्याला बोट लागली आणि बायको ठणठणीत, यावर लोक गप्प थोडेच बसतात. एके दिवशी नळावर पलीकडच्या ओळीतली एक बाई मला म्हणाली की तुम्हाला बोटीत फार त्रास झाला म्हणे, हे रात्रभर तुमचं डोकं धरून बसले होते म्हणे. मी हंडा घेऊन घरी आले आणि यांना विचारलं. हे पेपर वाचत होते. म्हणाले, "सांगितलं तर काय बिघडलं? तुझं काय जातंय त्यात?"

मी हंडा ओट्यावर ठेवला. काय जातंय ते सांगायचं तर मला त्या कठड्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि ते ऐकायची यांची तयारी नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात स्टोअरकीपरची नवी सून बोटीचं विचारायला आली. सगळं नीट ऐकून घेतलं, लिंबू, सतरंजी, धुराडं. हे आत चहा पीत होते. पोर गरीब होती, तिने हळू आवाजात विचारलं, "काकी, तुमाला एवढं झालं, तर समुद्र तरी बघाया मिळाला का?"

आत कपबशीचा आवाज थांबला.

"नाही गं," मी म्हणाले, "मला मानच वर करता आली नाही."