दमयंतीचा अंगठा

भाऊच्या धक्क्यावर दमयंती दिसली की व्यापारी आधी एक सुस्कारा सोडतात. टोपलीतलं वरचं पापलेट ही बाई कधी घेत नाही. हात थेट तळाला घालते, कल्ला उघडून बघते, पोट दाबते, वास घेते, आणि सगळंच चांगलं निघालं की तिला आणखी संशय येतो. एवढा चांगला माल हा मला का देतोय? सख्ख्या भावाच्या होडीतून उतरलेली सुरमईसुद्धा ती दाबून बघते. भाऊ म्हणतो, "आक्का, पहाटेचीच हाय गो." त्यावर ती म्हणते, "तू पहाटे उठायला कधीपासून लागलास?"

बरं, या स्वभावाने तिचं काही वाईट झालं असंही नाही. दादरच्या बाजारात तिची गिऱ्हाइकं ठरलेली. दमयंतीकडची मासळी डोळे मिटून घ्यावी, असं बायका एकमेकींना सांगतात. पण बाजारातला संशय माणसाने बाजारातच ठेवून यावा की नाही? बाई तो टोपलीबरोबर शीव कोळीवाड्यातल्या घरी घेऊन यायची. नवऱ्याने, म्हणजे विठोबाने, एकदा हौसेने गजरा आणला, तर म्हणाली, "कुणासाठी घेतलेलास? ती भेटली नाय वाटतं!" तेव्हापासून विठोबाने गजरेही सोडले आणि जमेल तेवढं बोलणंही.

मग घरात सून आली आणि दमयंतीच्या संशयाला रोजचं खाद्य मिळालं. तेजस्वी वरळीच्या कोळीवाड्यातली, म्हणजे आपल्यातलीच. पण शिकलेली, लोअर परळला एका ऑफिसात नोकरी करणारी. फोन आला की खिडकीपाशी जायची, हळू बोलायची. दमयंतीच्या मनात पाल चुकचुकायची: ही पोराला घेऊन वेगळी निघणार. मुलगा कल्पेश गरीब गाय. एसी दुरुस्त करायचा आणि घरात दोघींच्या मधे उभा राहून दोघींना हो म्हणायचा.

दमयंतीची आणखी एक ओळख होती आणि तिचा तिला खरा अभिमान होता. ती बेंबी बसवायची. कुणी जड उचललं, कुणाचा पाय घसरला, पोट दुखायला लागलं, की कोळीवाड्यात म्हणतात बेंबी सरकली, आणि माणूस दमयंतीकडे येतो. उपाशीपोटी उताणं निजवायचं, बेंबीत अंगठा रोवायचा आणि ठोका शोधायचा. ठोका मधोमध लागला तर बेंबी जागेवर, बाजूला लागला तर सरकली. सरकली असेल तर बेंबीवर कणकेच्या गोळ्यात पणती पेटवून वर तांब्या पालथा घालायचा. पणती विझते, तांब्या पोटाला गच्च चिकटतो. मग तेलाच्या हाताने चोळून ओढून आणायची. हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं, आणि या कामाचा ती कुणाकडून कधी साधा चहाही घ्यायची नाही. ठोका मधोमध लागला तर माणसाला सरळ परत पाठवायची, "ह्ये माझं काम नाय, डॉक्टरकडे जा" म्हणून. हा तिचा नियम होता आणि तो तिने कधी मोडला नव्हता.

त्या दिवशी मोडला.

शेजारच्याच घरी पुतण्याची हळद होती. कोळ्यांच्या घरची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, सगळ्या सुनांनी सकाळपासून राबायचं. आणि आदल्या दिवशी तेजस्वीने सुट्टी मिळत नाही, संध्याकाळी येते असं म्हणून वाद घातला होता. शेवटी मुकाट्याने सुट्टी टाकली. आणि सकाळी काय? बाईसाहेब पोट धरून बसल्या. चहा नको, नाश्ता नको. "बेंबीपाशी दुखतंय आई, मळमळतंय."

"काल काय नाय दुखलं ते? आजच बरं दुखलं!"

"खरंच दुखतंय."

दमयंतीने तिला निजवलं. बेंबीत अंगठा रोवला. ठोका लागला, अगदी मधोमध, घड्याळासारखा. बेंबी तसूभरही हललेली नव्हती. एरवी तिने तिथेच हात काढून घेतला असता. पण तिच्या डोक्यात एकच घुमत होतं: नाटक आहे हे. मग बघूच. खोटं दुखणं असेल तर पोरगी चार दाबांत उठून पळेल. तिने पणती लावली, तांब्या घातला आणि तेल लावून असं चोळलं की दुसरी कुणी असती तर तिने शिव्या घातल्या असत्या. तेजस्वी पळाली नाही. ओठ दाबून पडून राहिली आणि मग मोरीत जाऊन ओकली.

दुपारपर्यंत दुखणं बेंबीपासून निघून खाली उजवीकडे जाऊन बसलं. अंगात ताप भरला. तेजस्वी उजवा गुडघा पोटाशी घेऊन कुशीवर पडलेली, कुणी खाटेला धक्का दिला तरी कळवळत होती. हळदीच्या घरून बायका डोकावून गेल्या आणि म्हणाल्या, बघा, सरकत सरकत उजवीकडे गेली! दमयंतीनेही मान हलवली. आता सगळ्यांसमोर काय सांगणार होती, ठोका मधोमध आहे म्हणून? तिने पुन्हा अंगठा ठेवला, उजवीकडे, तसा तेजस्वीने असा काही आवाज काढला की हळदीचा बेंजो वाजवणारेही क्षणभर थांबले. कल्पेश धावत आला. पहिल्यांदाच आईवर ओरडला. "हात लावू नको तिला!" टॅक्सी बोलावली आणि बायकोला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन निघाला. दमयंतीही बसली पुढच्या सीटवर. सुनेच्या काळजीने म्हणावं तर अर्धंच खरं. डॉक्टरलोक पोराला काय काय गळ्यात बांधतील, यावर नजर नको का ठेवायला?

तिथे इरावती नावाची एक डॉक्टरीण होती. केस आवळून बांधलेले, डोळ्यांखाली काळं, बोलणं मात्र गोड. तिने तेजस्वीला खोकायला सांगितलं. खोकताच तेजस्वीचा चेहरा पिळवटला. मग तिने डावीकडे दाबलं, तर दुखलं उजवीकडे. उजवीकडे सावकाश दाबून हात एकदम उचलला, तशी तेजस्वी किंचाळलीच.

ही पण दाबतेच की, दमयंती मनात म्हणाली.

"शेवटची पाळी कधी आली होती?" डॉक्टरणीने विचारलं आणि लघवीची तपासणी लिहून दिली. दमयंतीचे कान टवकारले. म्हणजे असं आहे तर! खिडकीपाशी जाऊन हळू बोलणं, चहा नको म्हणणं... पण डॉक्टरणीने रिपोर्ट बघून सांगितलं, तसं काही नाही. गरोदरपण नळीत अडकलं असेल तरी असंच दुखतं, म्हणून खात्री करून घ्यावी लागते. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या. सोनोग्राफीत मात्र गॅसमुळे आतलं नीट दिसलं नाही.

"अपेंडिक्स सुजलंय असा आमचा दाट संशय आहे," डॉक्टर इरावती म्हणाली. "आतड्याच्या टोकाला करंगळीएवढी शेपटी असते, ती सुजते. आधी बेंबीजवळ दुखतं, मग उजवीकडे उतरतं. यांचं तसंच झालंय. ऑपरेशन करून काढायला हवं, उशीर नको."

"संशय?" दमयंती उसळली. "संशयावर पोट फाडनार?"

बघा हं, कोण बोलत होतं!

"आजी, या दुखण्यात वाट बघत बसलं तर ते फुटतं. संशय पक्का असला की हात घालावा लागतो."

आजी म्हटल्याने दमयंतीच्या नाकाला आणखी मिरच्या झोंबल्या. ही शिकाऊ पोरं, यांना हात साफ करायला कुणीतरी हवंच असतं. तिने कल्पेशला बाजूला ओढलं. "फोटोत काय दिसलं नाय म्हनते आन् कापायला निघालीय. आपून दुसऱ्याला दाखवू. घाई करनाऱ्याचा माल खराब असतो, बाबा."

ऑपरेशनच्या कागदावर सही तेजस्वीने स्वतः करायची होती. पण ती कल्पेशकडे बघत होती आणि कल्पेश आईकडे. डॉक्टर इरावती म्हणाली, "लवकर ठरवा, मी एक पेशंट बघून येते." जाता जाता तिने विचारलं, "घरी काही औषध दिलं होतं? पोट चोळलं वगैरे होतं का कुणी?"

कल्पेशने मान खाली घातली. तेजस्वीने डोळे मिटून घेतले. दमयंती पंख्याकडे बघत राहिली.

आणि मग ते झालं. तेजस्वीने पाय हळूच सरळ केला. मोठा श्वास घेतला. "आई... थांबलं. आता नाही दुखत."

कल्पेशचा चेहरा उजळला. "खरंच? बघ! आये, तू चोळलंस त्याचाच गुण आला शेवटी. बसली बेंबी!" दुपारी आईवर ओरडल्याची टोचणी त्याला होतीच, ती भरून काढायची संधी मिळाली. "मी टॅक्सी बघतो. उगाच कापाकापी नको."

तो निघालासुद्धा. दमयंतीने हसायला हवं होतं. सगळे म्हणाले असते, दमयंतीच्या हाताला यश आहे. सुनेच्या घरचेही म्हणाले असते. तिने फक्त गप्प बसायचं, एवढंच होतं.

पण जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं, बेंबी सरकलीच नव्हती. मग बसली काय? तिने काही बसवलंच नव्हतं, तर थांबलं कसं? आयुष्यभर तिने फुकटच्या चांगल्या मालावर संशय घेतला होता. हा तर सगळ्यात चांगला माल होता, आणि तो तिच्याच हातात आयता कुणीतरी ठेवत होतं. तिने तेजस्वीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार घामाने भिजलं होतं. ओठ पांढरे पडले होते. श्वास वरच्यावर, कुत्र्याच्या पिलासारखा. पोटाला हात लावायची तिला हिंमत झाली नाही.

"कल्प्या, थांब!" ती ओरडली, आणि सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "डॉक्टर! ओ डॉक्टरीनबाई!"

इरावती आली तशी दमयंतीने तिचा कोट धरला. "हिचं दुखायचं थांबलंय. माझ्यामुळे नाय थांबलं. मी चोळलंय हिला, सकाळी आन् दुपारी पन. पनती लावली, तांब्या लावला. हिची बेंबी सरकली नव्हती. ठोका मधीच होता. मला म्हाईत होतं."

"मग चोळलंस कशाला?" कल्पेश दारातून म्हणाला.

"ही खोटं बोलते का बघायला."

कल्पेश आईकडे पाठ करून बायकोच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर इरावतीने पोटावर बोटं टेकवली मात्र, तिचा गोड आवाज पार बदलला. पोट फळीसारखं कडक झालं होतं. "दुखणं थांबलं ते फुटल्यामुळे. थोडा वेळ बरं वाटतं, मग पू सगळ्या पोटात पसरतो. थिएटर तयार करायला सांगा!" तेजस्वीने पडल्या पडल्या सही केली आणि ट्रॉली निघाली. दमयंती मागे धावत होती. पदराचं भान नव्हतं, रडत होती, एकवीरेला हाका मारत होती, आणि लोक काय म्हणतील हा विचार तिला आयुष्यात पहिल्यांदा शिवला नाही.

ऑपरेशन लांबलं. फुटलेलं अपेंडिक्स काढलं, पोट आतून धुतलं, बाजूला नळी ठेवली. डॉक्टर इरावती बाहेर आली तेव्हा दमयंती तिच्या पायाशीच बसली. "माझ्यामुळे फुटलं ना?"

"न चोळताही फुटलं असतं कदाचित. नक्की कुणीच सांगू शकणार नाही," इरावती म्हणाली. "चोळायला नको होतं, हे मात्र नक्की. आणि तुम्ही हाक मारली नसती, घरी घेऊन गेला असतात, तर उद्या मी काही करू शकले नसते."

तेजस्वी वाचली. ताप उतरायला वेळ लागला, नळी निघायला आणखी. हळद झाली, लग्नही झालं, दमयंती कशालाच गेली नाही. ती वॉर्डात बसायची, पेज भरवायची, बेडपॅन द्यायची. नर्सला नको इतके प्रश्न विचारायची, सलाइनची बाटली उजेडात धरून बघायची. स्वभाव काय लगेच जातो?

एका दुपारी कल्पेश चहा आणायला गेला होता. वॉर्ड शांत होता. तेजस्वी टक लावून सासूकडे बघत होती.

"आई, माझी वरळीची आजी पण बेंबी बघते," ती हळूच म्हणाली. "तुमचा अंगठा कुठे थांबला, मला कळलं होतं. ठोका मधेच होता."

दमयंतीचा हात वाटीतच राहिला. "मग बोलली का नाय गो? उठून जायचंस. मला ढकलायचंस!"

"उठले असते तर तुम्ही म्हणाला असता, बघा, नाटक होतं."

खरंच म्हणाली असती. अगदी याच शब्दांत म्हणाली असती, आणि बायकांना सांगत फिरली असती. दमयंतीने डोळे पुसले, वाटी खाली ठेवली. पोरीची चादर सरकली होती, ती सारखी करायला ती पुढे वाकली.

तशी तेजस्वीचे दोन्ही हात झटकन पोटावर गेले. मुद्दाम नाही. चेहऱ्यावर रागही नव्हता. उलट आपले हात कुठे गेले हे बघून पोरगी स्वतःच ओशाळली. "सॉरी आई," म्हणाली. पण हात काढले नाहीत.

दमयंतीने चादर सोडली. स्टूल जरा मागे ओढलं आणि पोरीला दिसतील असे आपले हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.